विस्मृतीच्या पडद्याआड

आल्फ्रेड हिचकॉक ह्यांचा ‘स्पेलबाउंड’ हा अमेरिकन चित्रपट १९४५ सालीं पडद्यावर आला. खून कोणीं केला, हा प्रश्न रहस्यकथेंत नेहमींचाच. परंतु येथें ज्याच्यावर संशय आहे तो स्वतःच हा प्रश्न विचारीत असतो, कारण त्याला स्वतःचें नांवहि आठवत नाहीं.

ग्रीन मॅनर्स नांवाच्या मनोरुग्णालयांत डॉ. एडवर्ड्स हे नवे प्रमुख म्हणून येतात. भोजनाच्या वेळीं डॉ. कॉन्स्टन्स पीटर्सन (इन्ग्रिड बर्गमन) बोलतां बोलतां काट्यानें मेजावरील पांढऱ्या कापडावर रेघा ओढते, आणि हा विद्वान गृहस्थ (ग्रेगरी पेक) एकाएकीं अस्वस्थ होतो. लवकरच उघड होतें कीं, तो एडवर्ड्स नव्हेच. खरे एडवर्ड्स बेपत्ता आहेत, आणि आपणच त्यांना मारलें अशी ह्याची खात्री झालेली आहे.

पुढें त्याच्या स्वप्नाचा उलगडा सुरू होतो. तें स्वप्न साल्वादोर दाली ह्या चित्रकाराच्या कल्पनेंतून उतरलें आहे : पडद्यांवर रंगविलेले डोळे, ते कापणारी भली मोठी कात्री, कोरे पत्ते. पार्श्वसंगीतांत मिक्लोश रोझा ह्यांनीं थेरेमिन नांवाचें, हात न लावतां वाजविण्याचें विजेचें वाद्य योजलें. तो कंप पाववणारा सूर एकदां ऐकला कीं विसरत नाहीं.

ज्यांनीं चित्रपट पाहिला नसेल त्यांनीं पुढील भागाबद्दल क्षमा करावी. त्या रेघा म्हणजे बर्फावर घसरपट्ट्यांनीं उमटलेले चर. त्याच उतारावर पुन्हा घसरत जातांना त्याला सर्व आठवतें : लहानपणीं आपल्या हातून अपघातानें झालेला भावाचा मृत्यु, आणि डोळ्यांदेखत कड्यावरून कोसळलेले एडवर्ड्स. एका धक्क्यासरशीं स्मृति अशी अखंड परत यावी, हें कथेला सोयीचें आहे इतकेंच. आठवण ही पेटींत ठेवलेली वस्तु नसून प्रत्येक वेळीं ती नव्यानें जुळविली जाते, हें केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट ह्यांनीं १९३२ सालींच दाखविलें होतें. ह्याचा विसर पडला कीं काय होतें ? कॅलिफोर्नियांत १९९० सालीं एका मनुष्यास, त्याच्या मुलीच्या मनांत वीस वर्षांनीं जाग्या झालेल्या आठवणीवरून, खुनाबद्दल दोषी ठरविण्यांत आलें. तिनें सांगितलेला तपशील पूर्वींच वृत्तपत्रांत छापून आलेला होता, हें दाखविण्याची संधि बचावपक्षाला मिळाली नव्हती. तो निकाल १९९५ सालीं रद्द झाला.

चित्रपटाच्या बाजूनें मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. नायकाची स्मृति परत आली तरी कोडें सुटत नाहीं. उलट अधिकच बिकट होतें. एडवर्ड्स ह्यांचें प्रेत सांपडतें तेव्हां त्यांत बंदुकीची गोळी असते, आणि पोलीस नायकालाच पकडतात. त्याला आठवलें तें खरें होतें, पण अपुरें होतें. खरा दुवा मिळतो तो साध्या संभाषणांत. रुग्णालयाचे जुने प्रमुख डॉ. मर्चिसन बोलण्याच्या ओघांत सांगून जातात कीं, एडवर्ड्सशीं आपली थोडीशी ओळख होती. ओळख होती, तर पहिल्याच दिवशीं हा तोतया त्यांच्या ध्यानांत कसा आला नाहीं ? कॉन्स्टन्स रात्रीं एकटीच त्यांच्या खोलींत जाते, तेव्हां मेजावर रिव्हॉल्व्हर असतें, आणि तिच्याजवळ ह्या एका वाक्यावांचून दुसरें फारसें कांहीं नसतें.