वादाचे बिल आणि आपली पत

वाणी गिऱ्हाइकाची पत तोंडावरून ओळखी, तो काळ गेला. आज वाशी-नेरूळला घरासाठी कर्ज मागणाऱ्याची पत सिबिलच्या 300 ते 900 या आकड्यांत मोजली जाते. म्हणून क्रेडिट कार्डाच्या बिलात न मागितलेल्या विम्याचा हप्ता दिसला, तरी पुष्कळजण पत जाईल या भयाने तो मुकाट्याने भरतात. काही मानी गृहस्थ रागाने सगळेच बिल थकवतात. आमच्या मते दोन्ही वाटा नुकसानीच्या. वादाबाहेरची रक्कम मुदतीत भरावी (ती किमान देय रकमेहून कमी नसावी), वादाची रक्कम बँकेला लेखी कळवावी आणि तक्रारीचा क्रमांक जपावा. तोंडी तक्रारीला पुरावा कुठला?

रिझर्व्ह बँकेने 2022 साली बँकांना बजावले, की वाद मिटण्यापूर्वी थकबाकीची माहिती पतमाहिती कंपन्यांकडे धाडू नये. तरीही नोंद गेलीच, तर दुरुस्ती मागावी. 30 दिवसांत तक्रार न मिटल्यास दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. बँकेनेच 30 दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते. वकील लागत नाही. कागद मात्र लागतात.