मधुमेह : प्रौढांतील रोगव्याप्ती व चाळणी तपासणी

रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण दीर्घकाळ वाढलेले राहणे हे मुख्य लक्षण असलेल्या मधुमेह या चयापचयाच्या विकाराचे लोकसमूहातील प्रमाण मोजणे आणि कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांमधून संभाव्य रोगी निवडून काढणे, हे सार्वजनिक आरोग्यशास्त्रातील दोन परस्परसंबद्ध विषय आहेत. पहिल्यास रोगव्याप्तीचे मापन व दुसऱ्यास चाळणी तपासणी असे म्हणतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे प्रौढ वयात उद्‌भवणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाचा विचार केला आहे. पहिल्या प्रकारात इन्शुलिनाचा अभाव तीव्र असल्याने तहान, बहुमूत्रता व वजनातील घट ही लक्षणे झपाट्याने दिसू लागतात व रोगी आपण होऊन वैद्याकडे येतो. त्यामुळे तेथे चाळणीचा प्रश्न सहसा येत नाही. दुसरा प्रकार मात्र कित्येक वर्षे मूकपणे वाढत राहतो. ब्रिटनमध्ये १९७७ साली सुरू झालेल्या व १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात नुकतेच निदान झालेल्या रोग्यांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये डोळे, तंत्रिका, रक्तवाहिन्या यांपैकी कशाची तरी हानी आधीच झालेली आढळली. निदानाचा दिवस हा रोगाचा पहिला दिवस नसतो, हे चाळणी तपासणीच्या कल्पनेमागील मूळ कारण होय.

मूत्रपरीक्षेपासून रक्तपरीक्षेपर्यंत : मूत्राला मुंग्या लागणे हे प्रमेहाचे लक्षण प्राचीन आयुर्वेदीय वैद्यांना माहीत होते. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे सहज (जन्मजात) व अपथ्यनिमित्तज (चुकीच्या आहारविहारामुळे होणारा) असे दोन भेद केलेले आहेत. विसाव्या शतकात बेनेडिक्ट विक्रियाकारकाने मूत्रातील शर्करा ओळखण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. निळ्या द्रावाचा हिरवा, पिवळा किंवा विटकरी रंग होणे ही खूण अनेक पिढ्यांच्या परिचयाची होती. परंतु रक्तशर्करा दर १०० मिलि. मध्ये सु. १८० मिग्रॅ. या वृक्कीय मर्यादेपलीकडे गेल्याशिवाय ती सामान्यतः मूत्रात उतरत नाही व वृद्धांमध्ये ही मर्यादा आणखी वर सरकलेली असते. त्यामुळे मूत्रपरीक्षेने केवळ वाढलेला रोगच सापडत असे. चाळणीसाठी ती आता वापरली जात नाही.

निदानाच्या मर्यादा : रात्रभर उपाशी राहिल्यानंतर नीलेतील रक्तरसात दर १०० मिलि. मध्ये १२६ मिग्रॅ. वा अधिक ग्लुकोज, ७५ ग्रॅ. ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी २०० मिग्रॅ. वा अधिक, किंवा ग्लुकोजयुक्त हीमोग्लोबिन (एचबीएवनसी) ६·५ टक्के वा अधिक, यांपैकी कोणतीही एक गोष्ट आढळल्यास मधुमेह आहे असे मानतात. लक्षणे नसतील, तर निदान पक्के करण्यासाठी दुसऱ्यांदा खातरजमा करणे आवश्यक असते. या मर्यादा निसर्गाने आखलेल्या नाहीत. उपाशीपोटीची मर्यादा पूर्वी १४० मिग्रॅ. होती, १९९७ साली अमेरिकन तज्ञांनी व त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने ती १२६ केली. ग्लुकोजयुक्त हीमोग्लोबिनाला निदानासाठी जागतिक संघटनेची मान्यता २०११ साली मिळाली.

मधुमेहपूर्व अवस्थेबाबत तर आजही एकमत नाही. उपाशीपोटी १०० मिग्रॅ. पासून ही अवस्था सुरू होते असे अमेरिकन तज्ञ मानतात, तर जागतिक संघटना ११० पासून मानते. केवळ दहा मिग्रॅ. च्या या फरकाने कोट्यवधी माणसे निरोगी गटातून रोगप्रवण गटात किंवा उलट जातात.

भारतातील रोगव्याप्ती : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७२–७५ या काळात अहमदाबाद, कलकत्ता, कटक, दिल्ली, पुणे व त्रिवेंद्रम या सहा केंद्रांमार्फत केलेल्या पाहणीत १४ वर्षांवरील व्यक्तींमध्ये शहरी भागात २·१ टक्के व ग्रामीण भागात १·५ टक्के मधुमेही आढळले होते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या सहा महानगरांच्या पाहणीत २० वर्षांवरील प्रौढांमधील प्रमाण १२·१ टक्के निघाले. हैदराबादमध्ये ते १६·६ टक्के व मुंबईत ९·३ टक्के होते. या दोन आकड्यांमधील अंतर मोठे असले, तरी पहिल्या पाहणीत ५० ग्रॅ. ग्लुकोज देऊन व वेगळी मर्यादा लावून रोगी मोजले होते आणि वयोगटही तरुण होता. अर्थात सगळी वाढ मापनपद्धतीची नव्हे. परंतु रोग किती पटींनी वाढला, हे असे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून ठरविणे योग्य नाही.

देशाच्या सर्व राज्यांतील शहरी व ग्रामीण भाग समाविष्ट करणारी पाहणी परिषदेने चेन्नईच्या मद्रास डायाबेटिस रिसर्च फाउंडेशनच्या साहाय्याने २००८ ते २०२० या काळात टप्प्याटप्प्याने केली. तिच्यात १,१३,०४३ प्रौढांची तपासणी झाली व २०२३ साली तिचे एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनुसार मधुमेह ११·४ टक्के, मधुमेहपूर्व अवस्था १५·३ टक्के, अतिरक्तदाब ३५·५ टक्के व उदरस्थ स्थूलता ३९·५ टक्के प्रौढांमध्ये आढळली. २०२१ सालच्या लोकसंख्येत यावरून मधुमेहींची संख्या १० कोटी १० लाख व मधुमेहपूर्व अवस्थेतील व्यक्तींची १३ कोटी ६० लाख होते. सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात (२६·४ टक्के) व सर्वांत कमी उत्तर प्रदेशात (४·८ टक्के) होते. मात्र उत्तर प्रदेशासारख्या कमी प्रमाणाच्या राज्यांत मधुमेहींपेक्षा मधुमेहपूर्व व्यक्तींची संख्या अधिक आहे. म्हणजे तेथील लाट अद्याप यावयाची आहे. गोव्यात याच्या उलट स्थिती आहे. महाराष्ट्राची पाहणी पहिल्याच टप्प्यात झाली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत राज्यातील प्रमाण ८·४ टक्के (शहरी १०·९, ग्रामीण ६·५) होते. हे आकडे एका दशकापूर्वीचे आहेत, हे महाराष्ट्राची तुलना नंतर पाहणी झालेल्या राज्यांशी करताना विसरले जाते.

मधुमेह हा सुखवस्तू वर्गाचा रोग, ही समजूत आता टिकत नाही. याच पाहणीच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या १५ राज्यांच्या निष्कर्षांत आर्थिक दृष्ट्या पुढारलेल्या काही राज्यांच्या शहरांमध्ये निम्न आर्थिक स्तरातील लोकांतच रोगाचे प्रमाण जास्त आढळले. तपासणीत सापडलेल्या मधुमेहींपैकी ४७·३ टक्के लोकांना आपल्याला हा रोग आहे याची तोवर कल्पनाही नव्हती.

आकड्यांतील तफावत : एकाच देशाविषयीचे तीन अंदाज आज प्रचलित आहेत. वरील पाहणीचा १० कोटींचा. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाचा २०२४ सालासाठीचा सु. ९ कोटींचा, आणि जगभरच्या पाहण्या एकत्र करून शास्त्रज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०२२ सालासाठी केलेला २१ कोटी २० लाखांचा. यांपैकी कोणताही काल्पनिक नाही. भारतीय पाहणीत उपाशीपोटीची व ग्लुकोज दिल्यानंतरची रक्तशर्करा आधारभूत धरली होती. आंतरराष्ट्रीय गटाने उपाशीपोटीची रक्तशर्करा किंवा ग्लुकोजयुक्त हीमोग्लोबिन यांपैकी काहीही वाढलेले असल्यास ती व्यक्ती मधुमेही धरली. भारतीयांमध्ये या कसोट्यांनी निवडले जाणारे लोक बऱ्याच अंशी वेगवेगळे असतात. म्हणून रोगव्याप्तीचा आकडा देताना तो कोणत्या कसोटीने काढला, हे सांगितल्याखेरीज त्याला अर्थ राहत नाही.

या संदर्भात ग्लुकोजयुक्त हीमोग्लोबिनाची एक उणीव महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तांबड्या कोशिकेच्या आयुष्यभर ग्लुकोज हीमोग्लोबिनाला चिकटत असते व त्यावरून मागील दोनतीन महिन्यांची सरासरी रक्तशर्करा कळते. दात्रकोशिका (सिकल सेल) पांडुरोगात या कोशिका लवकर नष्ट होत असल्याने मापन खऱ्यापेक्षा कमी येते. लोहन्यूनताजन्य पांडुरोगात ते जास्त येऊ शकते. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या आदिवासीबहुल जिल्ह्यांत पहिला विकार व देशभरच्या स्त्रियांमध्ये दुसरा मोठ्या प्रमाणावर आढळतो. अशा ठिकाणी एकट्या या परीक्षेवर निदान सोपविणे धोक्याचे आहे.

रोगप्रवणता : वाढते वय, आईवडिलांना मधुमेह असणे, बैठे जीवन व पोटावरील मेद ही प्रमुख कारणे सर्वत्र सारखी असली, तरी भारतीयांमध्ये रोग कमी वयात व कमी वजनावर होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया व त्यांची मुले यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ., म्हणजे ब्रिटिश बालकांपेक्षा सु. ८०० ग्रॅ. कमी होते, स्नायू व उदरातील इंद्रिये लहान होती, परंतु त्वचेखालील मेद मात्र त्या मानाने फारसा घटलेला नव्हता. वरून कृश दिसणारा हा देह आतून मेदयुक्त असतो. यामुळेच भारतीय प्रौढांसाठी शरीरभार निर्देशांकाची मर्यादा २५ ऐवजी २३ व कमरेच्या घेराची पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. धरतात.

चाळणीच्या पद्धती : सरसकट सर्वांचे रक्त तपासण्याऐवजी आधी प्रश्नावलीने रोगप्रवण व्यक्ती निवडणे कमी खर्चाचे ठरते. डॉ. व्ही. मोहन व सहकाऱ्यांनी २००५ साली तयार केलेल्या भारतीय मधुमेह जोखीम गुणांकात वय, कमरेचा घेर, शारीरिक श्रम व कौटुंबिक इतिहास या चारच गोष्टींना मिळून १०० गुण आहेत. उदा., पन्नाशी ओलांडलेल्याला ३०, मुळीच श्रम न करणाऱ्याला ३०, आईवडील दोघेही मधुमेही असल्यास २०. साठ वा अधिक गुण मिळालेल्याची रक्ततपासणी अगत्याने करावी, असा संकेत आहे. मोजपट्टीखेरीज यास कोणतेही साधन लागत नाही.

केंद्र शासनाने २०१० साली २१ राज्यांतील १०० जिल्ह्यांत कर्करोग, मधुमेह, हृद्‌वाहिनी रोग व पक्षाघात यांच्या प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला (२०२३ पासून त्याचे नाव राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम असे आहे). त्याअंतर्गत ३० वर्षांवरील सर्वांची तपासणी २०१६–१७ पासून हाती घेण्यात आली. आशा कार्यकर्ती घरोघरी जाऊन वय, तंबाखू, मद्य, कमरेचा घेर, श्रम व कौटुंबिक इतिहास यांची माहिती भरते. चारपेक्षा जास्त गुण आल्यास त्या व्यक्तीस अग्रक्रमाने उपकेंद्रात बोलावतात. तेथे बोटाच्या टोकातून रक्ताचा थेंब घेऊन ग्लुकोजमापीवर शर्करा पाहतात व ती १४० मिग्रॅ. वा अधिक आढळल्यास वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवितात. केशवाहिन्यांतील रक्तात जेवणानंतर शर्करा नीलेपेक्षा जास्त असते, त्यामुळे या मापनावरून निदान करावयाचे नसते.

चाळणीत निवडली गेलेली प्रत्येक व्यक्ती रोगी नसते. समजा, १,००० प्रौढांपैकी १०० खरोखर मधुमेही आहेत आणि वापरलेली परीक्षा रोग्यांपैकी ८० टक्के व निरोग्यांपैकी ८५ टक्के लोकांना अचूक ओळखते. अशा वेळी ८० रोगी सापडतील, २० निसटतील आणि ९०० निरोगी व्यक्तींपैकी १३५ जणांना उगाच संशयित ठरविले जाईल. एकूण २१५ संशयितांत खरे रोगी सु. ३७ टक्केच. रोगाचे प्रमाण निम्मे असलेल्या गावात हेच प्रमाण सु. २२ टक्क्यांवर येते. म्हणून निश्चितीची दुसरी परीक्षा जवळच व विनामूल्य उपलब्ध नसेल, तर चाळणीतून निष्पन्न होते ती केवळ चिंता. फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो व त्या दिवशी शिबिरांतून असंख्य बोटे टोचली जातात. त्यांपैकी किती जण पुढील महिन्यात दवाखान्यात पोहोचले, याची नोंद क्वचितच ठेवली जाते.

चाळणीची फलनिष्पत्ती : नुसत्या चाळणीने मृत्यू टळतात का, याचे उत्तर निराशाजनक आहे. इंग्लंडच्या पूर्व भागात ४० ते ६९ वर्षे वयाच्या सु. २०,००० रोगप्रवण व्यक्तींवर झालेल्या व २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, चाळणीसाठी बोलावलेल्या व न बोलावलेल्या गटांतील मृत्युमानात सु. दहा वर्षांनंतरही फरक आढळला नाही. तेथील नेहमीच्या वैद्यकीय सेवेतही रोग लवकर सापडत असल्यामुळे हे घडले असावे. जेथे निम्मे रोगी अज्ञात आहेत अशा देशाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लागू करता येत नाही. मधुमेहपूर्व अवस्थेत हस्तक्षेपाचा उपयोग मात्र सिद्ध झाला आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६ सालच्या भारतीय प्रयोगात आहार व व्यायामातील बदलांनी तीन वर्षांत मधुमेह होण्याचे प्रमाण २८·५ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या औषधाचा परिणाम जवळपास तेवढाच होता. कोणताच उपाय न केलेल्या गटात याच काळात निम्म्याहून अधिक लोक मधुमेही झाले.

रोग सापडल्यानंतरची स्थिती त्याहून अधिक चिंताजनक आहे. उपरोक्त राष्ट्रीय पाहणीत, आपल्याला मधुमेह असल्याचे माहीत असलेल्यांपैकी रक्तशर्करा, रक्तदाब व कोलेस्टेरॉल ही तिन्ही इष्ट मर्यादेत असलेले लोक केवळ ७·७ टक्के होते. अतिरक्तदाबाच्या बाबतीत २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत सुरू झालेल्या उपक्रमाने ठराविक औषधक्रम, महिन्याभराची औषधे एकाच वेळी देणे व न आलेल्या रोग्याचा पाठपुरावा करणे या साध्या उपायांवर भर दिला. मधुमेहासाठीही हीच पद्धत अवलंबिणे श्रेयस्कर होय.

सहविकारांची तपासणी : निदान झालेल्या प्रत्येक व्यक्तीचा रक्तदाब मोजणे, मूत्रातील अल्ब्युमीन व रक्तातील क्रिॲटिनीन पाहणे, दृष्टिपटलाचे छायाचित्र घेणे व तळपायाची संवेदना १० ग्रॅ. दाबाच्या नायलॉन तंतूने तपासणे ही कामे निदानाच्या वेळीच व नंतर दरवर्षी करावी लागतात. दृष्टिपटलातील सुरुवातीच्या बदलांनी दृष्टी मंद होत नाही, त्यामुळे रोग्याच्या तक्रारीची वाट पाहून चालत नाही. मधुमेहींमध्ये क्षयरोगाचा धोका इतरांच्या सु. दोन ते तीन पट असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली सुचविलेल्या आराखड्यानुसार भारतात क्षयरोग्यांची रक्तशर्करा तपासली जाते, तसेच मधुमेहींना खोकला, ताप व वजन घटणे यांविषयी विचारून आवश्यक तेव्हा त्यांची थुंकी तपासली जाते.