भरवसा शिकावा लागतो

मागच्या व्याख्यानात आपण विश्वासांगीकार पाहिला. देव पिता आहे, त्याने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली, प्रभू येशू मेलेल्यांतून उठला, हे आपण मानतो आणि दर रविवारी उभं राहून मोठ्याने म्हणतो. आज जो विषय घेतला आहे तो त्याच्याच शेजारचा, पण जरा वेगळा. मानणं एक आणि अंग टाकून विसंबणं दुसरं. पूल भक्कम आहे असं काठावर उभं राहून म्हणता येतं. त्यावरून बैलगाडी नेताना जे लागतं त्याला आपल्या मराठीत भरवसा म्हणतात.

हा विषय निवडायला एक कारण आहे. आपल्या मंडळ्यांमध्ये एक वाक्य फार सहज बोललं जातं. घरात कुणी आजारी असतं, साखळी प्रार्थना होते, उपवास होतात, आणि तरीही माणूस जातो. मग सांत्वनाच्या उपासनेला आलेलं कुणीतरी, चहाचा कप हातात घेऊन, त्या आईला किंवा त्या विधवेला हळूच म्हणतं, "कुठेतरी विश्वास कमी पडला असेल." म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण त्या बाईच्या मनात ते वाक्य वर्षानुवर्षं राहतं. तिचं माणूस तर गेलंच, वर ते आपल्याच दोषाने गेलं असं ओझं तिच्या डोक्यावर बसतं. हे वाक्य पवित्र शास्त्रातून आलेलं नाही असं आम्हांला आज सांगायचं आहे. शास्त्रात भरवसा ठेवणारी माणसं कशी दिसतात तेवढंच बघू या.

एका शब्दापासून सुरुवात करू, कारण तो आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो: आमेन. हा मूळचा हिब्रू शब्द. त्याच्या धातूचा अर्थ टिकून राहणं, पक्कं असणं. हिब्रूत विश्वासूपणाला जो शब्द आहे तोही याच धातूचा. आता याच कुळातले आणखी दोन शब्द ऐका. एक दुसऱ्या राजांच्या 18 व्या अध्यायात येतो आणि तो मंदिराच्या दाराच्या खांबांसाठी आहे. दुसरा रूथच्या पुस्तकाच्या शेवटी येतो, आणि त्याचा अर्थ आहे दाई, मूल कडेवर घेऊन वाढवणारी बाई. दाराचा खांब आणि दाईची कड! ज्याला टेकता येतं आणि ज्यावर मूल आपला सगळा भार टाकून झोपी जातं. आमेन म्हणताना आपण "बरं, झाली प्रार्थना, आता जेवायला चला" अशा सुरात म्हणतो. असो.

ती दाई कोण? नामी. तिची गोष्ट आपण रूथची म्हणून ओळखतो, पण ती वाचायला हवी नामीच्या बाजूने. बेथलेहेमात दुष्काळ पडतो. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचं घर, आणि त्या घरातच भाकरी नाही. नवरा आणि दोन मुलगे घेऊन ती परमुलखात, मवाबात जाते. तिथे नवरा जातो. मुलांची लग्नं होतात, दहाएक वर्षं जातात, आणि दोन्ही मुलगे जातात. ती परत येते तेव्हा गावातल्या बायका विचारतात, ही नामीच का? नामी म्हणजे गोड, मनोहर. ती सांगते, मला त्या नावाने हाक मारू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू. आणि हे कडूपण तिच्या वाट्याला कुणी आणलं, हेही ती नाव घेऊन, भर गावात सांगते: देवानेच.

आपल्यापैकी कुणी मंडळीत असं बोललं तर काय होईल? पाळकसाहेब घरी येतील, भगिनीमंडळ समजूत घालायला बसेल. शास्त्रात मात्र नामीला कुणी दटावत नाही. देव दटावत नाही, आणि ज्याने हे पुस्तक लिहिलं तोही खाली टीप देऊन तिला दुरुस्त करत नाही. ती रिकामी झाले म्हणते तेव्हा रूथ तिच्या शेजारी उभी आहे, हे मात्र लेखकाने वाचणाऱ्याला दाखवून ठेवलं आहे. दुःखात शेजारचं माणूस दिसत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

पुढे काय होतं? आकाशातून वाणी होत नाही. साऱ्या पुस्तकात देव एकदाही स्वतः बोलत नाही. सातूच्या कापणीचे दिवस येतात, रूथ शेतात सरवा वेचायला जाते, संध्याकाळी पदरात धान्य घेऊन येते. गरिबासाठी आणि परक्यासाठी शेताच्या कडा सोडाव्यात, पडलेली कणसं उचलू नयेत, असा नियम मोशेच्या शास्त्रात होता, आणि बवाज नावाचा शेतकरी तो पाळणारा होता. नामीकडे देवाची काळजी आली ती अशी: एक जुना कायदा, एक प्रामाणिक शेतकरी, एक परकी सून आणि पायलीभर सातू. मग रूथचं बाळ नामीच्या मांडीवर येतं आणि तिथे तिच्यासाठी तो शब्द वापरला आहे, दाई. जिने भर गावात देवाविषयी गाऱ्हाणं मांडलं तिच्याच कडेला, आमेन ज्या धातूतून आला त्याच धातूचा शब्द. तिचे मुलगे मात्र परत आले नाहीत. हे आपण विसरू नये. शेवट गोड असला तरी मवाबातल्या तीन कबरी तिथेच आहेत.

गाऱ्हाणं हा शब्द आत्ता आला. फार चांगला शब्द आहे. कोकणात देवापुढे गाऱ्हाणं घालतात. तक्रारही तीच आणि प्रार्थनाही तीच. स्तोत्रसंहितेत जवळजवळ एक तृतीयांश स्तोत्रं अशी गाऱ्हाण्याची आहेत. स्तोत्र 13 घरी काढून बघा, जेमतेम सहा वचनं आहेत. सुरुवातीलाच चार वेळा "किती काळ" असा प्रश्न येतो. मग मागणी येते, आणि मग शेवटी भरवशाचा शब्द. आपण बहुतेक वेळा शेवटचं वचन तेवढं उचलतो आणि कॅलेंडरवर छापतो. पण त्या वचनापर्यंत माणूस पोचला तो त्या चार प्रश्नांमधून चालत. स्तोत्र 88 तर त्याच्याही पुढचं. त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही, त्याचा अखेरचा शब्द अंधाराचा आहे. ते कुणी काढून टाकलं नाही. ज्या रात्री कुणाच्याही तोंडून स्तुती निघत नाही, त्या रात्रीसाठी ते तिथे ठेवलेलं आहे. आणि वधस्तंभावर प्रभू येशूच्या तोंडी आलं तेही एका गाऱ्हाण्याच्या स्तोत्राचंच, 22 व्याचं, पहिलं वाक्य.

इथे कुणी म्हणेल, मग रानातल्या इस्राएल लोकांनी कुरकुर केली तेव्हा देव का रागावला? प्रश्न बरोबर आहे. ती कुरकुर तंबूत बसून, एकमेकांच्या कानात, देवाच्या पाठीमागे चाललेली होती. स्तोत्रकर्ता तेच कडू बोलणं देवाच्या तोंडावर बोलतो. सूनबाई सासूविषयी शेजारणीकडे बोलते ते वेगळं आणि सासूपुढे उभं राहून "आई, मला हे सहन होत नाही" म्हणते ते वेगळं. दुसऱ्या प्रकारात नातं तुटलेलं नाही. बोलणं चालू आहे. आम्ही भरवसा म्हणतो तो एवढाच असतो कित्येक दिवस, की बोलणं चालू ठेवलं.

आणि तो सरळ रेषेत वाढत नाही. हिज्कीया राजाचं उदाहरण घ्या. दुसऱ्या राजांच्या त्याच 18 व्या अध्यायात त्याच्याविषयी लिहिलं आहे की परमेश्वरावर भरवसा ठेवणारा त्याच्यासारखा यहूदाच्या राजांत दुसरा झाला नाही. आणि काही वचनं खाली, अश्शूरचा सन्हेरीब चाल करून आल्यावर, हाच राजा मंदिराच्या दारांचं आणि खांबांचं सोनं खरवडून शत्रूला देतो. ते खांब म्हणजे मघाचेच, आमेनच्या कुळातल्या शब्दाचे. ज्याला टेकायचं त्याचंच सोनं भीतीने उपटून दिलं. आणि शत्रू सोनं घेऊनही परत गेला नाही. पुढे धमकीचं पत्र आलं तेव्हा हिज्कीयाने ते पत्र घेतलं, मंदिरात गेला, आणि देवापुढे पसरून ठेवलं. आम्हांला ही कृती फार आवडते. सुंदर शब्द जुळवत बसला नाही, कागद पसरला. दवाखान्याचं बिल, बँकेची नोटीस, कोर्टाचं समन्स, रिपोर्टाचा कागद, हे असं पसरता येतं. पौलाचं तर आपल्याला ठाऊकच आहे. देहातला काटा जावा म्हणून तीनदा मागितलं, काटा गेला नाही, पत्रं लिहिणं थांबलं नाही.

आता आपल्या मातीतलं एक उदाहरण, पंडिता रमाबाईंचं. त्यांच्याविषयी आपण जयंतीला बोलतो ते बहुतेक शारदा सदन आणि मुक्ती मिशनपुरतं. त्यांच्या आयुष्यातल्या मृत्यूंची यादी कुणी वाचत नाही. जन्म 1858 चा. 1874 च्या सुमारास दुष्काळात वडील अनंतशास्त्री गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. भावाबरोबर पायी देश तुडवत 1878 साली त्या कलकत्त्याला पोचल्या. 1880 मध्ये तो भाऊ गेला. बिपिन बिहारी मेधावींशी लग्न झालं. 1882 मध्ये पटकीने तेही गेले. पंचविशीच्या आत एवढं सगळं, आणि पदरात तान्ही मनोरमा.

1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपल्याकडे गोष्ट इथे संपवतात: दुःख होतं, प्रभू मिळाला, दुःख संपलं. रमाबाई स्वतः तसं सांगत नाहीत. 1907 साली त्यांची साक्ष प्रसिद्ध झाली. तीत त्या स्पष्ट म्हणतात की बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, त्याची शिकवण पटली होती, पण खुद्द ख्रिस्त अजून मिळाला नव्हता. मनाला विसावा मिळायला आणखी सुमारे आठ वर्षं गेली. एवढी विदुषी, संस्कृत पंडिता, जिला सारे युक्तिवाद कळत होते, तिलाही मानण्यापासून विसंबण्यापर्यंत यायला आठ वर्षं लागली. तुम्हांला दोन वर्षं झाली आणि अजून मन डळमळतं म्हणून स्वतःला दोष देत असाल, तर हा आकडा लक्षात ठेवा.

त्या विसाव्यानंतर तरी सगळं सुरळीत झालं का? 1893 साली पुण्यात शारदा सदनावर गहजब झाला आणि पालकांनी मुली काढून नेल्या. 1896 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या. तिथे उपाशी मुलींमध्ये त्यांना आपलीच जुनी भूक दिसली. त्या शेकडो मुली घेऊन आल्या आणि केडगावला मुक्ती वसली. इथे लक्षात घ्या, केडगावची जमीन त्यांनी आधीच घेतलेली होती, फळबाग लावली होती, कारण अमेरिकेतून येणारी मदत दहा वर्षांच्या बोलीची होती आणि ती केव्हातरी थांबणार हे त्यांना दिसत होतं. विहिरी खोदल्या, हिशेब ठेवले. प्रार्थनाही केली. या दोन गोष्टींत त्यांना भांडण दिसलं नाही. ते आपणच मागून लावलं.

मनोरमा मोठी झाली, शिकली, आईचा उजवा हात झाली. सगळा कारभार तिच्या हाती द्यायचा होता. 1921 साली मनोरमा गेली. ज्या बाईने एवढी माणसं गमावली तिची एकुलती एक मुलगी, आणि तीही आईच्या आधी. त्या काळात रमाबाईंचं बायबलच्या मराठी भाषांतराचं काम चालू होतं, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून. त्यासाठी त्या या भाषा उतारवयात शिकल्या होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. मुलीच्या मृत्यूचं कारण देवाने त्यांना समजावून सांगितलं असं त्यांच्या चरित्रात कुठे सापडत नाही. मनोरमेच्या वेळी त्यांचा विश्वास कमी पडला, असं म्हणण्याची कुणाची तरी हिंमत होईल का? मग शेजारच्या बाईला म्हणताना कशी होते?

व्याख्यानानंतर एका भगिनीने विचारलं, घरात आजारपण आहे, औषध चालू ठेवलं तर प्रार्थनेवर भरवसा नाही असं होतं का, असं घरचेच विचारतात. हा प्रश्न नेहमी येतो म्हणून उत्तर इथे नोंदवतो. तोच हिज्कीया राजा पुढे मरणाच्या दारी होता. त्याने भिंतीकडे तोंड करून रडत प्रार्थना केली. देवाने ती ऐकल्याचा निरोप यशया संदेष्ट्याकडून आला, आणि त्याच यशयाने सांगितलं, अंजिरांचं पोटीस आणा आणि गळवावर बांधा. ज्या तोंडून बरं होण्याचं वचन आलं त्याच तोंडून पोटीसही आलं. तेव्हा ताई, गोळ्या वेळेवर द्या. आणि रात्री त्या रिपोर्टाचा कागद घेऊन बसा. बोलायला काही सुचलं नाही तर स्तोत्र 13 वाचा, आणि पाचव्या वचनाशी घसा अडकला तर चौथ्याशी थांबा. उद्या पुन्हा तिथूनच सुरू करता येतं.

पुढच्या वेळी ईयोबाचे मित्र. सात दिवस ते त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसून राहिले, तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं.