मालकाचा आकडा आणि तुमचा आकडा

जुन्या फ्लॅटचा मालक ‘नव्वद लाख’ म्हणतो आणि घेणारा लगेच पंच्याऐंशीला मिळेल का, याचा विचार करू लागतो. फ्लॅट मुळात सत्तरचा असेल, ही शक्यता मनातून निघूनच जाते. मानसशास्त्रात याला ‘नांगर परिणाम’ म्हणतात: पहिला आकडा नांगरासारखा रुततो आणि पुढचे सगळे अंदाज त्याच्याभोवतीच फिरतात.

1987 मध्ये नॉर्थक्राफ्ट आणि नील या संशोधकांनी अमेरिकेतल्या ॲरिझोनात एकच घर वेगवेगळी विक्री-किंमत सांगून विद्यार्थ्यांना आणि मुरलेल्या इस्टेट एजंटांना दाखवलं. ज्यांना जास्त किंमत सांगितली, त्यांनी घराचं मोलही जास्त ठरवलं. एजंटही त्यातून सुटले नाहीत. त्या किमतीचा आधार घेतल्याचं मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांनी मान्य केलं. अनुभवी माणसाचं हे होतं, तर पहिलं घर घेणाऱ्याने नुसत्या सावधपणावर विसंबू नये.

उपाय एकच, स्वतःचा आकडा आधी काढणं. महाराष्ट्रात नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर झालेल्या व्यवहारांचे ‘इंडेक्स टू’, म्हणजे नोंदणीचे गोषवारे, पाहता येतात. त्याच सोसायटीतले अलीकडचे दोन-चार व्यवहार शोधा आणि किंमत कार्पेट एरियाने, म्हणजे आतल्या वापरायच्या क्षेत्रफळाने, भागून दर काढा. भिंतीही धरणाऱ्या बिल्ट-अपची तुलना कार्पेटशी करू नका, तिथेच लाखांची चूक होते. रेडी रेकनरचा दर मुद्रांक शुल्कासाठी असतो, त्याला बाजारभाव समजू नका. काढलेल्या दराला तुम्हाला घ्यायच्या फ्लॅटच्या कार्पेट एरियाने गुणा आणि त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करा. आलेला आकडा कागदावर लिहा, आणि मगच मालकाला किंमत विचारा.