रेगन यांचा ताळेबंद : श्रेय कुणाचं, कर्ज कुणाचं?

१९८० साली अमेरिकेत महागाईचा दर साडेतेरा टक्के होता. १९८८मध्ये तो चार टक्क्यांच्या आसपास आला. माजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांचं कौतुक करताना रिपब्लिकन नेते हाच आकडा आधी सांगतात. डेमोक्रॅट बोट ठेवतात ते कर्जावर. रेगन यांच्या आठ वर्षांत राष्ट्रीय कर्ज जवळपास तिप्पट झालं, आयकराचा सर्वोच्च दर मात्र ७० टक्क्यांवरून २८वर उतरला. दोन्ही बाजूंचे आकडे खरे आहेत.

पण महागाईचं कंबरडं मोडलं ते मुख्यतः फेडरल रिझर्व्हच्या व्याजदरांनी, आणि या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांना १९७९मध्ये नेमलं होतं जिमी कार्टर यांनी. दर २० टक्क्यांच्या घरात गेले, घरबांधणी थंडावली. बांधकाम व्यावसायिकांनी निषेध म्हणून व्होल्कर यांना लाकडाचे तुकडे धाडले. मोटारविक्रेत्यांनी न खपलेल्या गाड्यांच्या किल्ल्या पाठवल्या. १९८२च्या अखेरीस बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर पोचली. श्रेयाच्या भांडणात या माणसांचा विसर पडतो, हा त्यांच्यावर अन्याय आहे.

करकपातीच्या धोरणाला ‘जादूटोण्याचं अर्थशास्त्र’ म्हणून हिणवलं होतं ते रेगन यांच्याच पक्षातल्या जॉर्ज बुश यांनी, १९८०च्या उमेदवारीच्या लढतीत. पुढे तेच उपाध्यक्ष झाले. उलट, करकपातीला कडाडून विरोध करणारे डेमोक्रॅट सभापती टिप ओ’नील १९८३मध्ये सामाजिक सुरक्षा योजना सावरणाऱ्या कायद्यासाठी रेगन यांच्यासोबत उभे राहिले. निवृत्तीचं वय टप्प्याटप्प्याने ६५वरून ६७वर नेण्याची तरतूद त्याच कायद्यातली.