पडद्यावर दिसते ती फाइल नव्हे

२६ सप्टेंबर २०२४ रोजी परम रुद्र मालिकेतले तीन महासंगणक देशाला अर्पण झाले: एक पुण्याच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीसाठी, एक कोलकात्यात आणि एक दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी अ‍ॅक्सिलरेटर सेंटरमध्ये. अशा यंत्राशी संशोधकाची गाठ बहुधा एसएसएच या दूरच्या जोडणीवरून, टर्मिनलच्या खिडकीतूनच पडते. गणित रांगेत लावणारी जॉब स्क्रिप्टही तिथेच, अनेकदा विम या संपादकात दुरुस्त केली जाते. नवखे इथे बिचकतात. विम लिहिलेलं हरवतो, त्यात नीट कॉपी होत नाही, एका वेळी एकच फाइल उघडता येते, अशा तक्रारी त्यातूनच येतात. या साऱ्यांचं मूळ एकच आहे, असं मला वाटतं: पडद्यावरचा मजकूर म्हणजेच फाइल, हे आपलं गृहीतक.

विम फाइल उघडतो तेव्हा तिचा मजकूर संगणकाच्या मेमरीत घेतो. या प्रतीला बफर म्हणतात आणि आपण बदलतो ती ही प्रत. डिस्कवरची फाइल बदलते ती कोलन डब्ल्यू ही आज्ञा दिल्यावर. सवयीने कंट्रोल एस दाबलं तर जुन्या आवृत्त्यांत पडदा गोठतो, कारण टर्मिनलच्या जगात ती मजकुराचा ओघ थांबवण्याची खूण आहे. कंट्रोल क्यूने तो पुन्हा सुरू होतो. नव्या आवृत्त्यांत पडदा गोठत नाही, पण फाइलही जतन होत नाही. याहून महागात पडणारी चूक नवं नाव देताना होते. कोलन डब्ल्यूपुढे नवं नाव लिहिलं की त्या नावाची प्रत डिस्कवर तयार होते, पण आपण जुन्याच फाइलवर काम करत राहतो. कालच्या प्रयोगाची स्क्रिप्ट अशा रीतीने ‘वेगळी’ करून पुढचे बदल केले आणि पुन्हा नुसतं कोलन डब्ल्यू दिलं, तर कालचीच स्क्रिप्ट पुसली जाते. नव्या नावावर सरकायचं असेल तर कोलन सेव्हअ‍ॅज ही आज्ञा आहे. एसएसएच तुटलं की सगळं गेलं, हेही खरं नाही. मूळ मांडणीत दोनशे अक्षरं टाइप झाली किंवा चार सेकंद हात थांबला की विम बदल स्वॅप फाइलमध्ये उतरवतो, आणि उणे आर हा पर्याय देऊन विम सुरू केला की ते परत मिळवता येतात. मात्र स्वॅप म्हणजे जतन नव्हे; मूळ फाइल तोवर जुनीच असते.

कॉपीच्या बाबतीतही हाच घोळ होतो. दोनदा वाय दाबून उचललेली ओळ विमच्या रजिस्टरमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या साठ्यात जाते, लॅपटॉपच्या क्लिपबोर्डवर नाही. क्लिपबोर्डसाठी अधिक चिन्हाचं वेगळं रजिस्टर आहे, पण विम त्या सोयीसह बांधलेला असेल तरच ते चालतं. आणि विम दूरच्या यंत्रावर चालत असेल तर आपल्या लॅपटॉपचा क्लिपबोर्ड त्याला सहसा दिसतच नाही. उलट एकाच विममधल्या सगळ्या फाइलींना रजिस्टरं सामाईक असतात. म्हणून दोन टर्मिनलांत दोन विम उघडण्यापेक्षा, ओळ उचलून कोलन ईने दुसरी फाइल उघडावी आणि पी दाबावं. मधे एखादी ओळ खोडली तर पी तीच खोडलेली ओळ चिकटवतो, पण आधी उचललेली ओळ शून्य क्रमांकाच्या रजिस्टरमध्ये शाबूत असते.

एका फाइलवरून दुसरीवर जाताना विम कधीकधी नकार देतो आणि बदल जतन झालेले नाहीत असं सांगतो. तो बिघाड नाही, राखण आहे. हिडन हा पर्याय चालू केला की न जतन केलेले बफरही मागे ठेवता येतात. कोलन एलएस त्यांची यादी दाखवतं, आणि कंट्रोलसह सहाच्या कळीने आधीच्या फाइलवर परतता येतं.

यावर रास्त आक्षेप असा, की व्हीएस कोड आता दूरच्या फाइलही उघडतो आणि आपोआप जतनही करू शकतो, मग ही कसरत कशाला? जिथे तो चालतो तिथे जरूर वापरावा. पण त्यासाठी पलीकडच्या यंत्रावर त्याचा एक भाग चालवावा लागतो, आणि शेकडो जणांच्या सामाईक यंत्रावर ती मुभा असेलच असं नाही. विमचा पूर्वज व्हीआय, जो बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास बर्कलीत लिहायला घेतला, पुढे पॉझिक्स मानकात आला. म्हणून तो किंवा त्याचा वंशज जवळपास प्रत्येक युनिक्स वळणाच्या यंत्रावर सापडतो. शिवाय आपोआप जतन होणं नेहमी हिताचं नसतं. ठरल्या वेळी आपोआप सुरू होणारी स्क्रिप्ट अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत डिस्कवर गेली, तर ती तशीच चालेल. बाहेर पडण्याच्या आज्ञांतही नको असताना लिहिण्याचा हा प्रश्न येतो: कोलन डब्ल्यूक्यू काहीही बदललेलं नसतानाही फाइल पुन्हा लिहितो आणि तिची वेळ बदलतो, तर कोलन एक्स बदल असेल तरच लिहितो. वेळ पाहून काय पुन्हा बांधायचं ते ठरवणाऱ्या मेकसारख्या साधनाला हा फरक कळतो, आणि नुसती वाचायला उघडून कोलन डब्ल्यूक्यूने बंद केलेली एक फाइल मोठा प्रोग्राम विनाकारण पुन्हा कंपाइल करायला लावते.