बोगनवेल फुलत नाही? आधी पाणी कमी करा

शेजारच्या काकूंची बोगनवेल हिरवीगार, पण फूल एकही नाही. रोज बादलीभर पाणी, वर खताचा मारा!

ही मूळची दक्षिण अमेरिकेतली. पाणी आणि नत्र जास्त झालं की नुसत्या फांद्या सुटतात. ताण दिला की बहर येतो. वरची माती चांगली कोरडी झाल्यावरच पाणी घाला. ऊन मात्र रोज 5-6 तास हवंच.

आपल्याला फुलं वाटतात ती खरं तर रंगीत पानं. जवळून बघा, तीन पानांच्या मधोमध नळीसारखी इवलीशी पांढरट फुलं दिसतील. मला तीच जास्त आवडतात.

बहर ओसरला की छाटणी करा, कारण फुलं नव्या फुटीवर येतात. काटे जबरदस्त असतात, हातमोजे घालाच.

कुंडीत लावायची असेल तर विचारा, सांगतो.